आजा तुकाराम, नातू तुकाराम

वर्धा जिल्ह्यातल्या गावांच्या यादीत कंस फार. सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे), पिपरी (मेघे), सिंदी (मेघे). पुढे आणखी एक सिंदी येते, तिच्या कंसात रेल्वे. नुसतं कारंजा म्हटलं तर ऐकणारा वाशिमकडचं लाडांचं कारंजा धरून चालेल, म्हणून इथलं कारंजा (घाडगे). तळेगावं दोन, एक श्यामजीपंत आणि दुसरं टालाटुले. आंजी मोठी आणि आंजी लहान. करंजी भोगे आणि करंजी काजी. वायगावाला तर एक कंस पुरत नाही: निपाणी, गोंड आणि हळद्या अशी तीन वायगावं, त्यातल्या हळद्याच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गांधीजी १९३६ साली ज्या सेगावात राहायला गेले, तिथलं टपाल बुलढाण्याच्या शेगावला जाऊ लागलं. तिथे कंसानेही भागण्यासारखं नव्हतं. १९४० मध्ये गावाचं नावच सेवाग्राम झालं.

गावाला जसा कंस, तसं माणसाला बापाचं नाव. सावंगी कोणती? मेघ्यांची. तुकाराम कोणता? महादेवाचा. जुन्या मध्यप्रांताच्या कागदांत हे 'तुकाराम वल्द महादेव' असं लिहिलेलं सापडतं, पश्चिमेकडच्या मराठी कागदांत 'वल्द'च्या जागी 'बिन' येतो. ही पद्धत इतकी सवयीची आहे की ती कुठे चालते आणि कुठे दगा देते, याचा विचार आपण करत नाही. तो विचार करायची वेळ जातीच्या दाखल्यासाठी वंशावळ मांडताना येते. प्रवर्गानुसार १९५०, १९६१ किंवा १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, म्हणजे आजा किंवा पणजा शोधणं आलंच. मग शाळेचं दाखल-खारीज, कोतवाल बुकाची नक्कल, जुने अधिकार अभिलेख असं एकेक बाहेर येतं. आणि कागदावर एकाच गावात, एकाच आडनावाचे, एकाच नावाचे चार पुरुष उभे राहतात.

हे चौघे आले कुठून? उत्तर बारशाच्या पाळण्यात आहे. नातवाला आज्याचं नाव ठेवायचं, ही आपल्याकडची जुनी आणि पसरलेली रीत. समजा तुकारामाला तीन मुलं झाली: महादेव, गोविंदा, सीताराम. तुकाराम वारला. आता तिन्ही भावांना वाटणार की बापाचं नाव आपल्या घरी चालावं. तिघेही एकेका मुलाचं नाव तुकाराम ठेवतात. गावात एकाच पिढीचे, जवळपास एकाच वयाचे, एकाच आडनावाचे तीन तुकाराम. इथे बापाचं नाव चोख काम करतं: तुकाराम महादेव, तुकाराम गोविंदा, तुकाराम सीताराम. तीन चुलतभाऊ, तीन निराळी नावं.

आता तीच रीत उभी चालवून पाहा. तुकाराम हा महादेवाचा मुलगा होता असं धरा. तुकारामाने आपल्या मुलाला बापाचं नाव दिलं, महादेव. महादेवाने आपल्या मुलाला बापाचं नाव दिलं, तुकाराम. झाला नातू तुकाराम महादेव, आणि आजा? तोही तुकाराम महादेव. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच, वावरही तेच. पणजा आणि बाप पाहिले तर दोघेही महादेव तुकाराम असू शकतात. म्हणजे बापाचं नाव चुलतभावांना वेगळं करतं आणि आज्या-नातवाला एक करून टाकतं. मला या शोधाची गंमत इथेच वाटते. आडव्या दिशेला जी खूण पक्की, तीच उभ्या दिशेला निकामी, आणि दोन्हीचं कारण एकच रीत.

हे कल्पनेतलं कोडं नाही, याचे नमुने छत्रपतींच्या घराण्यातच आहेत. शिवाजी महाराजांचे थोरले बंधू संभाजी कनकगिरीला पडले, त्यानंतर १४ मे १६५७ ला महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी. महाराज ३ एप्रिल १६८० ला गेले. १६८२ मध्ये संभाजीराजांना मुलगा झाला, त्याचं नाव शिवाजी. आपण त्यांना शाहू म्हणून ओळखतो. १६९६ मध्ये राजाराम आणि ताराबाईंना मुलगा झाला, त्याचंही नाव शिवाजी. हे दोन चुलतभाऊ: शिवाजी संभाजी आणि शिवाजी राजाराम. बापाचं नाव घेतलं की गोंधळ संपला. संभाजीराजे १६८९ मध्ये मारले गेले, त्यानंतर राजारामांच्या दुसऱ्या राणीच्या पोटी १६९८ मध्ये जो मुलगा झाला तो संभाजी, पुढचे कोल्हापूरचे छत्रपती. संभाजी शिवाजी आणि संभाजी राजाराम, पुन्हा बापाच्या नावाने सुटले.

पण ताराबाईंच्या मुलाच्या पोटी जो नातू झाला, त्याचं नाव आज्यावरून राजाराम पडलं. आजा राजाराम शिवाजी भोसले, नातूही राजाराम शिवाजी भोसले. बखरींनी आणि इतिहासकारांनी नातवाला 'रामराजा' म्हणून बाजूला काढलं म्हणून आपण वाचलो. १७४९ मध्ये शाहू वारले, त्यांच्या पश्चात हा रामराजा सातारच्या गादीवर आला, आणि पुढे ज्या आजीने त्याला आपला नातू म्हणून पुढे आणलं होतं तिनेच हा माझा नातू नव्हे असं जाहीर केलं. नुसतं नाव पाहून वंश सिद्ध होत नाही याचं याहून मोठं उदाहरण मराठी इतिहासात मला तरी माहीत नाही.

वरच्या तारखा पुन्हा एकदा पाहा. प्रत्येक वेळी नाव ज्याचं, तो आधी गेलेला आहे. पेशव्यांच्या घरी हे आणखी लख्ख दिसतं. बाळाजी विश्वनाथ एप्रिल १७२० मध्ये वारले आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला नातू जन्मला. नाव बाळाजी, म्हणजे नानासाहेब. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला गेले, १८ एप्रिल १७७४ ला पुतण्या जन्मला, नाव माधवराव. पहिला माधवराव बल्लाळ, दुसरा माधवराव नारायण. बहुतेक घरांत जिवंत वडीलधाऱ्याचं नाव लेकराला ठेवत नसत. मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंमध्येही हीच रीत आहे, तर ग्रीसमध्ये आजा समोर बसलेला असतानाच पहिल्या नातवाला त्याचं नाव देतात. आपल्याकडच्या रीतीचा शोधणाऱ्याला फायदा असा की नाव म्हणजे एक तारीखही होते. मोठ्या दोन नातवांची नावं निराळी आणि तिसरा एकदम तुकाराम, तर आजा तुकाराम दुसऱ्या आणि तिसऱ्या नातवाच्या जन्मांच्या मधे कधीतरी वारला असावा. मृत्यूची नोंद शोधायला पंचवीस वर्षांची पानं उलटण्याऐवजी तीन-चार वर्षांची उलटावी लागतात. हा पुरावा नव्हे. पण पहिलं पान कुठलं उघडायचं, हे यावरून ठरतं.

वर्ध्याला भोसले म्हणजे नागपूरचे. १८५३ पर्यंत हा मुलूख त्यांचा. त्यांच्या वंशवेलीत नावं पाण्यासारखी फिरत राहतात. पहिल्या रघूजींच्या वडिलांचं नाव बिंबाजी, आणि रघूजींच्या चार मुलांत एक बिंबाजी आहे, तोच पुढे छत्तीसगडचा कारभार पाहणारा. मुधोजी आणि साबाजी हीदेखील आधीच्या पिढ्यांतलीच नावं. मुधोजींचा मुलगा रघूजी, हा आज्याच्या नावाचा. मुधोजींचाच दुसरा मुलगा व्यंकोजी, त्याचा मुलगा मुधोजी, ज्याला इतिहास आप्पासाहेब म्हणतो. रीत इतकी नेमकी चालते की मधलं एखादं नाव गळालं असतं तरी ते काय असावं याचा अंदाज बांधता आला असता.

मात्र याच घराण्यात एक उलटा सापळाही आहे. दुसरे रघूजी जन्माने मुधोजींचे, पण निपुत्रिक चुलते जानोजींनी त्यांना दत्तक घेतलं होतं. म्हणजे रघूजी मुधोजी आणि रघूजी जानोजी अशा दोन नोंदी सापडल्या तर त्या दोन माणसांच्या नसून एकाच माणसाच्या. आपण इतका वेळ एकात लपलेले दोघे शोधत होतो, इथे दोनांत लपलेला एक आहे. तिसरे रघूजी तर दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा, गुजर घराण्यातला. घरचं नाव बाजीबा. दुसऱ्या रघूजींचे पुत्र परसोजी यांच्या विधवेने दत्तक घेतल्यावर नाव, बाप आणि आडनाव तिन्ही एका दिवसात बदललं. खुद्द वर्धा शहरात याच्या जवळचं उदाहरण आहे. जमनालाल बजाज १८८९ मध्ये सीकरजवळ काशी का बास इथे कनीरामांच्या घरी जन्मले, आणि वर्ध्याच्या शेठ बच्छराजांनी त्यांना नातू म्हणून दत्तक घेतलं. मुलगा नव्हे, नातू. वंशवेल काढणारा बच्छराजांच्या खालच्या ओळीत जमनालालांना शोधत बसला तर सापडायचे नाहीत, एक ओळ सोडून खाली जावं लागतं.

आता आणखी मागे जाऊ, कारण वर्ध्याहून पवनारला जाणाऱ्याला पंधराशे वर्षं मागे जायला फार वेळ लागत नाही. विनोबांचा आश्रम जिथे आहे, ते पवनार म्हणजे वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असं वा. वि. मिराशींनी मांडलं होतं. पुढे मनसरचा दावाही आला, तो वाद इथे नको. वाकाटकांचे ताम्रपट मात्र याच जिल्ह्यात निघाले आहेत, हिंगणघाटकडच्या जांबला आणि आर्वीकडच्या बेलोऱ्याला. दान दिलेल्या जमिनीचा तो सातबारा म्हणा हवं तर. त्यात दान देणारा राजा आधी आपली सगळी पिढी वाचून दाखवतो. ती वाचली की थक्क व्हायला होतं: रुद्रसेन, त्याचा मुलगा पृथिवीषेण, त्याचा मुलगा रुद्रसेन. चौथ्या शतकातही आज्याचं नाव नातवाला. पुढे याच शाखेत पृथिवीषेण हे नाव पुन्हा आलं.

ताम्रपट लिहिणाऱ्यांनाही आपला प्रश्न पडला असला पाहिजे, कारण पहिल्या रुद्रसेनाची ओळख सांगताना ते एका नात्यावर थांबत नाहीत. हा प्रवरसेनाचा नातू, गौतमीपुत्राचा मुलगा, आणि भारशिवांच्या भवनागाचा दौहित्र, म्हणजे मुलीचा मुलगा. शेवटचं नातं महत्त्वाचं. बापाच्या बाजूची नावं फिरून फिरून तीच येतात, आईच्या बापाचं नाव बाहेरून येतं, म्हणून ते खुंट्यासारखं एका जागी ठोकलेलं राहतं. दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, हे ताम्रपट आवर्जून सांगतात. त्यात गुप्तांच्या नात्याचा अभिमान आहेच, पण आजच्या वाचकाला त्यातून दुसरा रुद्रसेन पहिल्यापासून वेगळाही मिळतो.

आणि तरीही गोंधळ झालाच. वाकाटकांच्या दोन शाखा होत्या, एक नागपूर-वर्ध्याकडची आणि दुसरी वत्सगुल्म म्हणजे वाशिमची. दोन्ही शाखांना मूळपुरुषाच्या नावाचा मोह, त्यामुळे दोन्हीकडे एकेक प्रवरसेन. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातल्या झिजलेल्या लेखात दीर्घकाळ मुख्य शाखेची नावं वाचली जात होती. १९३९ मध्ये वाशिमचा ताम्रपट मिळाला, त्यात सर्वसेन आणि विंध्यशक्ती अशी नावं निघाली, आणि मिराशींनी दाखवून दिलं की अजिंठ्याच्या लेखातही सर्वसेन आणि विंध्यसेन आहेत. एक घराणं दोन झालं. घरोघरच्या शोधातही नेमकं हेच करायचं असतं. एकटं नाव पाहायचं नाही, नावांचा घोळका पाहायचा. एका गावात एकाच आडनावाची दोन घरं असतील, तर एका घरात तुकाराम-महादेव-गोविंदा फिरतात आणि दुसऱ्यात लक्ष्मण-सखाराम-पांडुरंग. भावांची नावं एकत्र मांडली की अनोळखी नोंद कुठल्या घोळक्यातली, ते उमगायला लागतं. आणि घोळक्यात न बसणारं एखादं नाव दिसलं, तर आधी आईच्या माहेरी चौकशी करावी.

न बसणाऱ्या नावांची दुसरीही कारणं असतात. आधीची लेकरं दगावली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचे: धोंडू, दगडू, भिका, कचरू, आणि विदर्भात खास करून उरकुडा. असं नाव दिसलं की त्याच्या आधीच्या दोन-चार वर्षांत त्याच घरातले बालमृत्यू शोधावेत. केजाजी किंवा भोजाजी असं नाव आलं तर आज्याऐवजी आधी घोराड आणि आजनसऱ्याच्या संतांची आठवण ठेवावी.

कोतवाल बुकाची आपली एक खोड आहे. गावच्या कोतवालाने जन्म झाल्याची वर्दी दिली तेव्हा बारसं झालेलंच नसायचं. त्यामुळे जन्माच्या कित्येक नोंदींत बाळाचं नाव नसतं. बाप अमुक, जात अमुक, मुलगा. अशा वेळी बापाच्या नावाखाली सगळे 'मुलगे' तारखेने ओळीत लावायचे आणि दाखल-खारीजमधल्या भावांची नावं वयाच्या क्रमाने शेजारी लावायची. आता दाखल-खारीजमधलं वय किती खरं, हा प्रश्न उरतोच. मास्तरांच्या कृपेने महाराष्ट्रात एक जुलैला जन्मलेली अख्खी पिढी आहे. म्हणून तारखेपेक्षा क्रमावर भिस्त ठेवावी. कोण थोरला आणि कोण धाकटा हे घर सहसा विसरत नाही.

घर विसरतं ते कागदावरचं नाव. सासऱ्याचं आणि नवऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही, आणि तेच नाव तिच्या लेकराला ठेवलेलं. ती त्याला हाक मारणार कशी? मग तो बापू होतो, आबा होतो, भाऊ होतो, बाळा होतो, आणि म्हातारा झाल्यावरही तेच राहतो. हाकेचं नाव कागदावरच्या नावाला झाकून टाकतं. हिंगणघाटला २६ डिसेंबर १९१४ ला जन्मलेले मुरलीधर देवीदास आमटे असं म्हटलं तर क्षणभर थांबावं लागतं. आईवडिलांनी लाडाने ठेवलेलं 'बाबा' जगभर गेलं. घरच्या म्हातारीला 'आज्याचं नाव काय' असं विचारू नये, ती बापू सांगेल. श्राद्धाला भटजींपुढे कुठली नावं घेतात ते विचारावं. तिथे पिता, पितामह, प्रपितामह अशा तीन पिढ्या कागदावरच्या नावाने येतात, आणि आईच्या माहेरच्याही.

बायकांच्या बाबतीत कागद जवळजवळ मुका आहे. लग्नात नाव बदललं, आडनाव बदललं, आणि नोंद 'जौजे महादेव' किंवा 'बेवा महादेव' अशी नवऱ्याच्या आधाराने झाली. आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना, रमाबाई रानडेही माहेरच्या यमुना. इतक्या प्रसिद्ध बायकांच्या बाबतीत आपल्याला हे ठाऊक आहे. बाकीच्या यमुना कुठल्या घरात कोण झाल्या ते कागदावरून काढायचं तर भावाच्या वाटणीपत्रापर्यंत जावं लागतं.

आज्याचं नाव नातवाला देण्याची रीत आता बहुतेक घरांतून उठली आहे. नावं घराण्यात जुळायची ती आता वर्गात जुळतात. एका हजेरीपटावर चार आरव असले तरी त्यांच्यात रक्ताचं नातं नसतं. दुसरीकडे सरकारी कागदाने एक पाऊल पुढे टाकलं आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव असा क्रम लागतो. सातवाहनांनी हे दोन हजार वर्षांपूर्वी केलं होतं. त्यांच्याकडे सातकर्णी इतके झाले की गौतमीपुत्र सातकर्णी आणि वासिष्ठीपुत्र सातकर्णी असं आईकडून सांगावं लागलं. आज्या-नातवाची जी गाठ बापाच्या नावाने सुटत नाही ती इथे सुटते, कारण सासू आणि सून या दोन निराळ्या घरांतून आलेल्या दोन निराळ्या बायका असतात. या क्रमाने पहिले राजाराम 'राजाराम सोयराबाई शिवाजी भोसले' झाले असते, आणि नातवाला वेगळं ओळखण्यासाठी रामराजा म्हणायची कुणाला गरजच पडली नसती.